तोशिबा टी-११०० प्लस आणि एप्सन एलएक्स-८००: कागद असून ‘कागद नाही’ म्हणतंय

उद्यमनगरची_लेक (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. जुन्या मशिनवर हात बसलेलं कुणी इथं असेल तर मदत पाहिजे.

आमचं शिवाजी उद्यमनगरात लाकडी पॅटर्नचं शॉप. पॅटर्न म्हणजे फौंड्रीत ज्यावरून वाळूचा साचा पाडतात तो नमुना. फौंड्रीवाले ड्रॉइंग घेऊन यायचे आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, सागवानात पॅटर्न आणि कोअर बॉक्स (जॉबमधली पोकळी राखणारा वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, पाडायची पेटी) करून द्यायचे. १९८८ साली धाकटे काका अमेरिकेहून आले ते हा तोशिबा घेऊनच. साडेतीन इंची दोन फ्लॉपी ड्राइव्ह, हार्ड डिस्क नाही. पडद्याला मागून उजेड नाही, त्यामुळं ट्यूबलाइटखाली झाकण मागंपुढं करत अक्षर कुठं दिसतंय ते बघावं लागतं. त्या काळात उद्यमनगरात कॉम्प्युटर ही बघायला जायची गोष्ट होती. आप्पा स्वतः वर्डस्टार हा लिहायचा प्रोग्राम शिकले आणि प्रत्येक पॅटर्नची नोंद त्यात ठेवायला लागले: गिऱ्हाईक, ड्रॉइंग नंबर, लाकूड, पॅटर्नचं वजन, बिडात (ओतीव लोखंडात) ओतल्यावर जॉबचं वजन किती येईल, दर काय लावला, कोअर प्रिंट (साच्यात कोअर टेकायची जागा) कुठं ठेवला. वर्ष संपलं की सगळं सलग कागदावर छापून लाल कापडाच्या फाइलीत बांधून ठेवायचे.

त्या फायली आम्ही शाहूपुरीतल्या नातेवाइकांच्या तळघरात ठेवल्या होत्या. २०१९ च्या महापुरात तिथं पाणी शिरलं आणि कागदाचा नुसता लगदा झाला. फ्लॉप्या मात्र घरी, आप्पांच्या कपाटात वरच्या कप्प्यात होत्या, त्या वाचल्या. अजून जुनी गिऱ्हाइकं येतात, ‘आप्पा, त्या पंपाच्या बॉडीचा पॅटर्न पुन्हा पाहिजे’ म्हणतात, आणि आप्पा आठवून सांगतात. आठवतंय तोवर ठीक आहे. मला ते सगळं परत कागदावर आणून त्यांच्या हातात द्यायचंय.

आता अडचण. तोशिबा अडॅप्टरवर चालू होतोय. डॉस येतंय, वर्डस्टार उघडतंय, फायली दिसतायत. प्रिंटर एप्सन एलएक्स-८००, आप्पांचाच. केबलही त्या वेळचीच: एका टोकाला २५ पिनांचं डी आकाराचं कनेक्टर, दुसऱ्या टोकाला ३६ पट्ट्यांचं रुंद कनेक्टर आणि दोन्ही बाजूंनी तारेच्या क्लिपा. सगळं जोडलं, प्रिंटर ऑनलाइन आहे, हिरवा दिवा लागलाय, कागद ट्रॅक्टरात नीट बसलाय. छापायला सांगितलं की तोशिबा जरा वेळ थांबतो आणि प्रिंटरमध्ये कागद नाही अशा अर्थाची एरर देतो. रिट्राय दाबलं तरी तेच. प्रिंटरवरचा पेपर आउटचा दिवा लागलेला नाही. म्हणजे प्रिंटर म्हणतोय कागद आहे आणि तोशिबा म्हणतोय नाही.

कागद बदलून बघितला, केबल काढून घालून बघितली, दोन्ही बंद-चालू करून झालं. इथल्या एका दुकानदारानं प्रिंटर न बघताच ‘बोर्ड गेलाय, भंगारात घाला’ म्हणून सांगितलं. ते मला पटत नाही. दोष नेमका कुठं आहे, मशिनात, केबलीत का प्रिंटरात, हे कसं ओळखायचं तेवढं सांगा. भावाकडं मल्टिमीटर आहे, सोल्डरिंगची सवय आहे.

मिरज_जंक्शन

ताई, छापायच्या आधी एक करा. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह मिळतो तो घ्या आणि सगळ्या फ्लॉप्या आजच्या कॉम्प्युटरवर कॉपी करून ठेवा. तोशिबाच्या ७२० केबीच्या साडेतीन इंची फ्लॉप्या त्यातले बरेचसे ड्राइव्ह वाचतात, घेताना फक्त ७२० चालतं का ते विचारून घ्या. इतक्या वर्षांची फ्लॉपी आहे, आज वाचली म्हणून उद्या वाचेलच असं नाही. आणि प्रत्येक फ्लॉपीच्या कोपऱ्यातली सरकती खिडकी उघडी करून मगच आत घाला, म्हणजे चुकून काही लिहिलं जाणार नाही.

प्रिंटरसाठी यूएसबी ते पॅरलल केबल मिळते ती आणून बघितली का?

ट्रॅक्टर_फीड (इचलकरंजी)

मिरजकर, फ्लॉप्यांचं अगदी बरोबर सांगितलंत. ताई, ते पहिल्यांदा करा. पण यूएसबी-पॅरलल केबल इथं उपयोगाची नाही. ती नव्या कॉम्प्युटरला जुना प्रिंटर जोडायची केबल आहे. तोशिबाला यूएसबी माहीतच नाही, आणि त्या केबलीचं ३६ पट्ट्यांचं टोक तिचं स्वतःचं असतं, त्यामुळं ताईंची केबल चांगली का वाईट हेही त्यातून कळणार नाही.

मी नव्वदीच्या दशकात इचलकरंजी-कोल्हापूर पट्ट्यात डॉट मॅट्रिक्स दुरुस्त करत फिरायचो. यंत्रमागवाल्यांची बिलं, सूत गिरण्यांचे पगार, सगळं याच प्रिंटरवर निघायचं. एलएक्स-८०० माझ्या हातून किती गेले असतील सांगता येत नाही. भंगारात घालू नका, हा मजबूत प्रिंटर आहे.

पहिल्यांदा प्रिंटर एकटा तपासा. केबल काढा. प्रिंटर बंद करा, लाइन फीडचं बटण दाबून धरा आणि तसंच धरून चालू करा. स्वतःहून अक्षरांच्या ओळी छापायला लागला तर हेड, मोटर, रिबन, आतला बोर्ड हे सगळं जागेवर आहे. चाचणी थांबवायची असली की बंद करा. दुकानदाराच्या ‘बोर्ड गेलाय’चा निकाल तिथंच लागतो.

आता त्या एररकडं बघा, तीच तुम्हाला वाट दाखवतेय. प्रिंटर कॉम्प्युटरला आपली अवस्था पाच तारांवरून सांगतो. २५ पिनांच्या बाजूला १० नंबरवर ‘अक्षर मिळालं’, ११ वर ‘थांब, कामात आहे’, १२ वर ‘कागद नाही’, १३ वर ‘मी ऑनलाइन आहे’ आणि १५ वर ‘बिघाड’. यातली १२ नंबरची तार उंच व्होल्टेजला असली की अर्थ कागद संपला. पोर्टवर काहीच जोडलेलं नसेल तेव्हाही या तारा सहसा उंचच वाचल्या जातात. म्हणून कागद असताना कॉम्प्युटर ‘कागद नाही’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला प्रिंटर दिसतच नसतो. गिऱ्हाइकाचा फोन यायचा, ‘कागद घातलाय तरी मागतोय’, की मी पहिला प्रश्न विचारायचो, केबल मागं पूर्ण बसलीय का.

तुमच्या बाबतीत केबलीच्याही आधी बघायची एक जागा आहे. टी-११०० प्लसला २५ पिनांचं ते एकच पोर्ट दोन कामांसाठी आहे. त्यावर प्रिंटरही लागतो आणि बाहेरचा फ्लॉपी ड्राइव्हही लागतो. कुठलं काम करायचं हे मशिनच्या अंगावरचा एक छोटा सरकता स्विच ठरवतो. त्यावर ए, बी आणि पीआरटी अशी तीन खुणांची जागा आहे. ए किंवा बी वर असला की पोर्ट बाहेरच्या ड्राइव्हचं, पीआरटी वर असला की प्रिंटरचं. मशीन बंद करून स्विच बघा. कुठं आहे ते इथं सांगा, मग पीआरटीकडं सरकवा आणि चालू करा.

डॉसच्या फ्लॉपीवर डीबग (डॉससोबतचा तपासणीचा छोटा प्रोग्राम) असेल तर अजून एक चाचणी. डीबग चालवा, हायफन दिसलं की आय, एक जागा, ३७९ असं टाइप करून एंटर. पहिल्या प्रिंटर पोर्टची अवस्था दोन अक्षरांत येते. ७एफ आलं तर पलीकडं कोणी नाही. डीएफ आलं तर प्रिंटर जोडलेला, ऑनलाइन आणि कागदासकट तयार आहे. बाहेर यायला क्यू.

अजून एक, यात थेट संबंध नाही पण सांगतो. आतली बॅटरी निकेल कॅडमियमची आहे. ती गळून बोर्ड खात असते. मशीन उघडाल तेव्हा तिच्याकडं नक्की बघा.

उद्यमनगरची_लेक

ट्रॅक्टर फीड काका, तुमचे खरोखर आभार. स्विच बी वर होता!

आप्पांना दाखवला तेव्हा त्यांनी लगेच सांगितलं. उद्यमनगरात बाकी ज्यांच्याकडं कॉम्प्युटर होते त्यांच्याकडं सव्वापाच इंची मोठ्या फ्लॉप्या. फौंड्रीवाल्याचा हिशोबनीस तीच फ्लॉपी घेऊन यायचा. म्हणून काकांनी बाहेरचा मोठा ड्राइव्ह पाठवला होता, तो त्याच पोर्टला लागायचा. शेवटचं काम त्यावरच झालं असणार. ड्राइव्ह पुढं कुणीतरी नेला, स्विच तिथंच राहिला.

प्रिंटरची स्वतःची चाचणी एकदम छान आली. आवाज ऐकून आप्पा आतल्या खोलीतून उठून बाहेर आले. स्विच पीआरटीवर घेतला, डीबगमध्ये डीएफ आलं, आणि वर्डस्टारनं छापायला सुरुवातही केली.

पण जे छापलंय ते विचित्र आहे. पानभर उद्गारचिन्हं आहेत. जिथं जिथं रिकामी जागा पाहिजे तिथं उद्गारचिन्ह. शब्दांमधली काही अक्षरं बरोबर, काही चुकीची. पुली लिहिलंय तिथं इंग्रजी पी चा क्यू झालाय आणि दोन्ही एल चे एम झालेत, पण यू, ई आणि वाय जसेच्या तसे आहेत. दशांशाच्या टिंबाच्या जागी तिरकी रेघ आलीय. पडद्यावर जॉबचं वजन ४८.६० आहे, ते कागदावर ५९/७१ आलंय. पुढच्या ओळीत १२.५ चं १३/५.

पडद्यावर सगळं बरोबर आहे. दुसरी फ्लॉपी घालून बघितली, तोच प्रकार. वर्डस्टारमधून बाहेर येऊन नुसती डिरेक्टरीची यादी प्रिंटरला पाठवली तरी उद्गारचिन्हं. एकच गोष्ट लक्षात आली: पुन्हा पुन्हा छापलं तरी तीच अक्षरं तशीच चुकतात. कधी चूक, कधी बरोबर असं होत नाही. आता हे वर्डस्टारच्या सेटिंगचं आहे, प्रिंटरच्या आतल्या छोट्या स्विचांचं, का अजून केबल?

बिडाचा_माणूस (गोकुळ शिरगाव)

ताई, दुरुस्तीतलं मला कळत नाही, पण ते वजन वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. ही पानं कुणाच्या हातात देऊ नका आणि ठेवूही नका. ४८.६० किलोचा जॉब ५९ किलो धरून कुणी दर काढला किंवा लेडल (वितळलेलं बीड ओतायचं भांडं) भरलं तर काय होईल सांगायला नको. उद्गारचिन्हं आहेत म्हणून चूक दिसली तरी. नुसते आकडे असते तर तो कागद खरा वाटला असता.

आप्पांच्या नोंदी किती मोलाच्या आहेत हे आमच्या लाइनीतल्या माणसाला विचारा. नव्या पोरांना थ्रीडी मॉडेलमधून वजन मिळतं. जुने पॅटर्नमेकर लाकडाचा पॅटर्न काट्यावर ठेवायचे, सागवान असेल आणि कोअर नसेल तर साधारण अकरानं गुणायचे, आणि बिडाच्या जॉबचं वजन सांगायचे. बिडाची घनता ७.२ च्या आसपास आणि वाळलेल्या सागाची ०.६५ च्या आसपास, त्यातून ते अकरा येतं. पण कोअर असला, पॅटर्न दोन लाकडांचा असला की नुसतं गुणून भागत नाही, तिथं अनुभव लागतो. तुमच्या आप्पांनी अंदाजही लिहिलाय आणि भट्टीतून निघाल्यावर खरं वजन किती भरलं तेही लिहिलंय का? लिहिलं असेल तर ते सोनं आहे.

ट्रॅक्टर_फीड (इचलकरंजी)

ताई, तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिलीत की मला तिथं यायची गरज राहिली नाही. केबल. आणि केबलीतली नेमकी एक तार: २ नंबर.

कसं ते बघा. प्रत्येक अक्षराला एक नंबर असतो आणि तो नंबर आठ तारांवरून एका दमात जातो. पिन २ ते ९, दोन्ही टोकांना याच नंबरांवर. पिन २ वर सगळ्यात लहान बिट, म्हणजे एकक. ती तार ठरवते की नंबर सम का विषम. तार तुटली की प्रिंटरच्या बाजूला ती उंच राहते, म्हणजे प्रिंटरला तिथं कायम १ दिसतो. मग विषम नंबरांना काही होत नाही, आणि प्रत्येक सम नंबर एकानं वाढतो.

रिकाम्या जागेचा नंबर ३२, तो ३३ झाला, ३३ म्हणजे उद्गारचिन्ह. टिंब ४६, ते ४७ झालं, ४७ म्हणजे तिरकी रेघ. पी ८०, क्यू ८१. एल ७६, एम ७७. यू ८५, ई ६९, वाय ८९, हे विषम म्हणून वाचले. आकड्यांतही ० चा नंबर ४८ आणि १ चा ४९, त्यामुळं कागदावर सगळे सम आकडे पुढच्या विषमात गेले. ४८.६० चं ५९/७१ बरोब्बर यात बसतं. तुमच्या त्या सगळ्या पानांवर एकही सम आकडा सापडणार नाही, बघा.

ओळी मात्र जागेवर येतायत ना? ओळ सरकवायचा नंबर १० आहे, त्याचा ११ होतोय. ११ म्हणजे उभा टॅब, पण टॅब लावून ठेवलेले नसले की हा प्रिंटर एक ओळच सरकतो. म्हणून तुम्हाला ते कळलं नाही.

वर्डस्टारचं किंवा आतल्या छोट्या स्विचांचं काही नाही. डिरेक्टरीची यादीही चुकली म्हणजे वर्डस्टार सुटलं. प्रिंटरची स्वतःची चाचणी बरोबर आली म्हणजे अक्षरं छापणारा भाग सुटला. राहिलं तोशिबाचं पोर्ट, केबल आणि प्रिंटरचं कनेक्टर. पन्नास वेळा गुंडाळलेल्या केबलीवर मी आधी संशय घेणार.

खात्री करायला एक जुनी युक्ती. प्रिंटर बंद करून लाइन फीड आणि फॉर्म फीड दोन्ही बटणं एकदम दाबून धरा आणि चालू करा. आता येईल ते प्रत्येक अक्षर तो अक्षर म्हणून न छापता हेक्स नंबर म्हणून छापेल. हेक्स म्हणजे सोळाच्या पटीतली मोजणी, त्यात ३२ चा २० होतो आणि १० चा ०ए. त्यात २० यायला पाहिजे तिथं २१ येतंय का आणि ०ए च्या जागी ०बी येतंय का बघा. हा कागद मात्र ठेवा, दुरुस्तीनंतर तोच मजकूर पुन्हा पाठवून ताडून बघता येतो.

मग सगळं बंद करून केबल दोन्हीकडून काढा. भावाला मल्टिमीटर बीपवर ठेवायला सांगा. एक सळई २५ च्या पिन २ वर, दुसरी ३६ च्या पट्टी २ वर. बीप आला नाही की सापडलं. आला तर केबल सोडू नका, टोकाजवळ इकडंतिकडं वाकवत बघा, वाकवताना बीप जातो का. बाकीच्याही तपासा: १ ते १४ दोन्हीकडं सारख्याच नंबरला. पुढं नंबर बदलतात, १५ ची तार ३२ ला, १६ ची ३१ ला, १७ ची ३६ ला. १८ ते २५ जमिनीच्या. दोन शेजारच्या पिना एकमेकींना लागल्या नाहीत ना तेही बघा.

उद्यमनगरची_लेक

सापडलं काका. तारीख-वार सगळं लक्षात ठेवावं असा दिवस गेला.

हेक्सच्या कागदावर २० कुठंच नव्हतं, सगळीकडं २१. भावानं पिना तपासल्या. १, ३, ४ पासून पुढं सगळे बीप आले. २ वर केबल सरळ ठेवली तर काही नाही, तोशिबाच्या टोकाजवळ अंगठ्यानं दाबली की बीप. टोपण उघडलं. बाकी तारा आपापल्या वाटीत नीट झाळलेल्या, आणि २ नंबरची लाल तार बाहेरून अगदी साबूत. लाल आवरण जागेवर, आत तांबं तुटलेलं. केबल जिथून टोपणात शिरते तिथला आवळपट्टीचा स्क्रू ढिला होता, त्यामुळं केबल ओढली गेली की सगळा ताण पहिल्या तारांवर यायचा. १ नंबर कशी वाचली कुणास ठाऊक.

भावानं सगळ्याच तारा बोटभर कापून नव्या सोलल्या, प्रत्येकीवर स्लीव्ह घातली आणि पुन्हा झाळल्या. एकटी २ नंबर जोडली असती तरी चाललं असतं, पण बाकीच्याही त्याच वयाच्या आहेत म्हणून मी हट्ट धरला. आवळपट्टी घट्ट केली. परत सगळे बीप घेतले, शेजारच्या पिना एकमेकींना लागत नाहीत याची खात्री केली. मग तोच मजकूर हेक्समध्ये पाठवला आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळ न ओळ बघितली. २० च्या जागी २०, ०ए च्या जागी ०ए.

नंतर १९९१ ची फाइल छापली. आप्पा समोर खुर्ची घेऊन बसले होते. पहिलं पान फाडून त्यांच्या हातात दिलं तर चष्मा लावून त्यांनी थेट वजनाचाच रकाना वाचायला घेतला. ४८.६० वर बोट ठेवून म्हणाले, ‘हा तो ऑइल इंजिनच्या पुलीचा, ह्याला दोनदा कोअर बदलावा लागला होता.’

बिडाचा माणूस दादा, तुम्ही विचारलंत ते आहे. दोन रकाने आहेत, एक अंदाज आणि एक ‘भरलं’. ‘भरलं’चा रकाना सगळीकडं नाही, फौंड्रीवाल्यानं परत येऊन सांगितलं तिथंच आहे. पण जिथं फरक जास्त पडला तिथं आप्पांनी कारणही लिहून ठेवलंय. कुठं साचा फुगला, कुठं पॅटर्नमध्ये ओल राहिली होती. चुकीची छापलेली पानं तुमचं वाचून लगेच फाडून टाकली, फक्त हेक्सचा कागद ठेवलाय. मिरजकर, फ्लॉप्या कॉपी करायला घेतल्यात, दोन सोडून सगळ्या वाचल्या. त्या दोन तोशिबात मात्र उघडतायत, म्हणून त्या आधी छापून घेणार आहे.

एक विचारायचं राहिलं. कॉपी केलेली वर्डस्टारची फाइल आजच्या कॉम्प्युटरवर उघडली की प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर भलतंच दिसतं. आता केबलीचा प्रश्न नाही ना हा?

मिरज_जंक्शन

नाही ताई, फाइल ठणठणीत आहे. वर्डस्टार आपल्या डॉक्युमेंट पद्धतीत शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट स्वतःच्या खुणेसाठी चालू करून ठेवायचं. म्हणजे नंबरात १२८ मिळवायचं. छापताना ते काढून टाकायचं म्हणून कागदावर बरोबर येतं. आजच्या साध्या एडिटरला ती खूण कळत नाही. ज्या अक्षराचा नंबर १२८ किंवा त्याच्या वर आहे त्यातून १२८ वजा करा, सगळं वाचता येईल. पायथनमध्ये दोन-चार ओळींचं काम आहे. मूळ कॉपी मात्र हात न लावता वेगळी ठेवा, बदल दुसऱ्या प्रतीवर करा. एखादी छोटी फाइल पाठवलीत तर मी करून दाखवतो.

उद्यमनगरची_लेक

पाठवते. गिऱ्हाइकांची नावं काढून पाठवते, बाकी तसंच ठेवते.

काका, रिबन फिकट व्हायला लागलीय. एलएक्स-८०० ची आता कुठं मिळणार?

ट्रॅक्टर_फीड (इचलकरंजी)

एलएक्स-८०० ची म्हणून शोधू नका, एलएक्स-३०० ची मागा. तीच बसते, आणि बिलिंगवाले अजून वापरतात म्हणून मिळते. घालताना बाजूचा गोल नॉब फिरवून रिबन ताठ करून घ्या. आणि इतकं छापायचंय तर मधे मधे थांबा, हेड गरम होतं, त्याला हात लावू नका. नव्या रिबनचं पहिलं पान थोडं काळं येईल, दुसऱ्यापासून नीट.